मी प्यालेलो नव्हतो

मी दारू प्यालेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण निपाणीत ज्यांनी ज्यांनी माझ्या अपघाताची हकीकत सांगितली, त्यांनी नेमकी उलट्या वाक्यानं सुरुवात केली. फटफटीवरून पडलो, मांडीचं हाड मोडलं, मरता मरता वाचलो, हे सगळं खरं. प्यालो होतो, हे खोटं. मेलो असतो तर चार चांगले शब्द बोलून लोकांनी विषय मिटवला असता. मी जगलो, म्हणून ते खोटंही जगलं.

लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून कुपनावरच मिळत होतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांच्या संघटनेचं काम मी करत होतो. काम म्हणजे पत्रकं लिहायची, बेळगावला जाऊन छापून आणायची, वखारी सुटायच्या वेळी वाटायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, मोठ्यानं वाचून दाखवायची. एक पत्रक वखारीतल्या धुळीवर होतं. एक दारूवर होतं. दारूच्या पत्रकापायी मी गुत्त्यांसमोर उभं राहून भाषणं केली आणि कितीतरी जणींच्या नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्या महिन्यात मात्र आमची मागणी एकच होती: झडती. वखार सुटली की दारावर एकेकीला थांबवायचं आणि ती तंबाखू चोरून नेत नाही ना, हे बघायला पहारेकऱ्यानं तिच्या पदराला, कमरेला हात घालायचा. पुरुषानं! भर रस्त्यावर! मालक म्हणायचे, रीतच आहे. कुणाची रीत, मी विचारतो. त्यांच्या घरातल्या बायका देवळातून परत आल्या की त्यांची घेतात का अशी झडती?

संध्याकाळी झडतीवर सभा ठेवली होती आणि छापखान्यानं पत्रकं हातात द्यायला दुपार केली. निपाणीला जाणारी सर्व्हिस मोटार निघून गेलेली. बेळगावातले एक वकील आमच्या बाजूचे होते. त्यांनी लष्करी लिलावात एक फटफटी घेतली होती, ती त्यांनी मला दिली. "जपून ने," असं दोनदा म्हणाले. मला फटफटी चालवता येत होती. नीट येत होती. हेही लिहून ठेवतो. मागं झडतीच्या पत्रकांचा गठ्ठा बांधला, त्यावर धुळीच्या पत्रकाची नवी छपाई, आणि निघालो.

संकेश्वर मागं पडलं. तवंदीचा घाट उतरलो. घाटात काही झालं नाही. घाट संपून रस्ता सरळ झाला, आता निपाणी आलीच, म्हणून मी जरा वेग घेतला. आणि तिथं रस्त्यावर कुळीथ पसरलेला होता. खळं लांब असलं, बैल कमी असले की आमच्याकडं कुळथाचे वाळलेले वेल सरकारी रस्त्यावरच पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली मळणी फुकटात होते. बैलगाडीला त्याचं काही वाटत नाही. सर्व्हिस मोटारही खडखडत निघून जाते. पण दोन चाकांच्या यंत्राला तो कुळीथ म्हणजे सांडलेलं तेल. पुढचं चाक निसटलं ते मला हातात जाणवलं. मग आभाळ दिसलं, मग रस्त्याकडेचा दगड.

फटफटी माझ्यापासून जरा लांब आडवी पडून फटफटतच होती. मग तीही थांबली. तेवढी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मी सभांचा माणूस. चार डोकी जमली की बोलायला उभा राहणारा. तिथं रस्त्यावर पडलो होतो, डावा पाय जिथं वळू नये तिथं वळला होता, मांडीतून रक्त येत होतं, आणि ऐकायला एक माणूस नव्हतं. कुळीथ पसरणारे शेतकरी माझी अवस्था बघून पळाले असणार. पोलिसाच्या भीतीनं. मी हाक मारली. कुणाला मारली ते आठवत नाही. नाव घेऊन हाक मारावी असं माझं कुणी नव्हतंही. आईबाप लहानपणीच गेले, आणि कोगनोळीच्या चुलत्यानं माझं पहिलं पत्रक वाचलं त्याच दिवशी दार लावून घेतलं होतं.

आधी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. खेड्यातला तंबाखूचा माल भरून निपाणीला निघालेली गाडी होती, आणि मालाबरोबर वखारीतल्या तीन-चार बायका.

"आगं बया, ह्यो तर पत्रकवाला!"

"जित्ता हाय न्हवं?"

"बघतोय की डोळं फाडून. रगात बघ किती चाललंय. सरका, सरका."

सरका म्हणणारी आक्का. वखारीत सगळ्यांच्यात जुनी, म्हणून म्हाताऱ्यांपासून पोरींपर्यंत सगळ्या तिला आक्काच म्हणत. तिनं गाडीतल्या पोत्यात हात घातला आणि ओंजळ भरून तंबाखूचा चुरा काढला. कुणाचं बोट कापलं, कुणाचा अंगठा विळ्यात गेला की वखारीत हाच उपाय. चिमूटभर चुरा दाबायचा, चिंधी बांधायची आणि कामाला बसायचं. आक्कानं माझ्या मांडीत चिमूटभर नाही, ओंजळभर चुरा भरला. एक ओंजळ पुरली नाही म्हणून आणखी एक. त्यावर दाबायला काही हवं, तर रस्त्यावर माझी पत्रकं उडत होतीच; त्यातली मूठभर गोळा करून वर दाबली आणि आपल्या लुगड्याचा पट्टा फाडून आवळून बांधला. मी ओरडलो.

"वरड, वरड," ती म्हणाली. "सभंत वरडतोस तसा वरड. जीव जागा ऱ्हातोय."

रक्त थांबलं. ते त्या चुऱ्यानंच थांबलं, त्यात वाद नाही. निपाणीहून बेळगावला जाणारी सर्व्हिस मोटार आली, तिला बायकांनी आडवं होऊन थांबवलं आणि मला मागच्या बाकावर लोटलं. तिथपर्यंत मी शुद्धीवर होतो. मोटार घाट चढायला लागली आणि माझं डोकं गरगरायला लागलं. पोटातून ढवळून आलं. अंगाला गार घाम सुटला, तोंडातून लाळ गळायला लागली, एकामागून एक उलट्या झाल्या. सभेला निरोप सांगा, पत्रकं पोचवा, एवढं मला कंडक्टरला सांगायचं होतं. जीभ जड झाली होती. जे बाहेर पडलं ते मलाही कळलं नाही.

"काय रं गड्या, सकाळधरनंच बसलातास जणू," कंडक्टर म्हणाला. मोटारीतली माणसं हसली. एकानं नाकाला धोतराचा सोगा लावला.

ती मोटार संध्याकाळी निपाणीला परत गेली. तिच्याबरोबर बातमीही गेली.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी डोकं तपासलं. उलट्या म्हणजे डोक्याला मार, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मांडीवरचा पट्टा सोडला. रक्तानं चिकटलेली पत्रकं एकेक करून सोलावी लागली. त्यातलं एक त्यांनी उजेडाला धरलं आणि वाचलं, "'तंबाखूची धूळ हे अंगात हळूहळू भिनणारं विष आहे.' कुणी लिहिलंय हे?"

"मी."

"बरोबर लिहिलंय. फक्त तुमच्या अंगात हळूहळू नाही, ओंजळीनं भिनलंय." आणि त्यांनी तो सगळा चुरा धुऊन काढायला लावला. त्या धुण्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

पाय राहिला. हाड बसवलं, पाय वर बांधला, त्याला वाळूची पिशवी टांगली आणि सांगितलं, आता हलायचं नाही.

दवाखान्यात माणूस एकटा नसतो, असं मला वाटायचं. वॉर्ड भरलेला होता. खानापूरकडचा एक लाकूडतोड्या, एक गिरणीवाला, माझ्या शेजारच्या खाटेवर चिकोडीकडचा जैन शेतकरी, विहिरीत पडून कंबर मोडलेला. पण तिथली रीत अशी, की दर रोग्यामागं त्याचं एक माणूस हवं. पाणी द्यायला, कूस बदलायला, मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून भाकरी भाजायला. वॉर्डबॉय पहिल्या दिवशी विचारून गेला, "तुमचं माणूस कुठाय?" दुसऱ्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, येतंय. त्याच्यानंतर त्यानं विचारणं सोडलं. ते सोडणं मला जास्त लागलं.

शेजारच्या शेतकऱ्याची बायको दिवस मावळायच्या आत त्याला जेवू घालायची. त्यांच्यात अंधार पडल्यावर जेवत नाहीत. तो आधी कानडीत काहीतरी पुटपुटायचा, मग मराठीत मला म्हणायचा, "पुढारी, तुमीबी उरकून घ्या की." त्याची बायको वाटीत भात आणि ताक माझ्या उशाशी ठेवायची. चांगली माणसं. पण जेवण उजेडात उरकायचं, मग भांडी घासल्याचा आवाज, मग ती दोघं आपल्या शेताबद्दल हळू आवाजात बोलत बसायची, आणि माझ्यापुढं पूर्ण संध्याकाळ उरायची. मी छताकडं बघत पडायचो. संघटनेतलं कुणी का येत नाही? सभा झाली का? झडतीचं काय झालं? ज्या बायकांसाठी मी घसा कोरडा केला, त्यातल्या एकीलाही वाटू नये?

पहिले आले ते वकीलसाहेब. खाटेपाशी उभेच राहिले. फटफटीचा पुढचा दांडा वाकलाय, दिवा गेलाय, हे आधी सांगितलं. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "खरं सांग. घेतली होतीस का?"

"काय?"

"निपाणीत सगळे तेच म्हणतात. मोटारीतल्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं म्हणे. मालकांची माणसं तर चौकात हसतायत. दारूबंदीचा पुढारी तराट होऊन कुळथात लोळला."

मी उठून बसायला गेलो आणि पायातली कळ मस्तकात गेली. "तंबाखू भरली होती जखमेत! डॉक्टरांना विचारा! तुम्ही वकील आहात ना? बाजू मांडा की माझी."

"या प्रकरणात मी वकील नाही," ते म्हणाले. "फटफटीचा मालक आहे." आणि निघून गेले.

त्या दिवसापासून माझा धंदा एकच. पडल्या पडल्या मनात पत्रक लिहायचं. 'निपाणीच्या कामगार भगिनींनो!' मालकांचा कट, कंडक्टरची बेजबाबदार जीभ, वैद्यकीय सत्य. शब्द खोडायचे, नवे घालायचे. लोक येत नाहीत ते याच खोट्यामुळं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. हे खोटं पाडलं की रांग लागेल. बायका येतील, तोंडाला पदर लावून ओशाळतील, आणि मी मोठ्या मनानं म्हणेन, जाऊ द्या. त्या क्षणाची मी इतक्या वेळा तयारी केली, की त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत. वॉर्डात ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून शेतकऱ्याला एकदा सगळं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकलं. "व्हय, व्हय," म्हणाला, आणि झोपला.

उन्हाळा अर्ध्यावर आला होता, आणि एका दुपारी आक्का आली. हातात फडक्यात बांधलेल्या शेंगा. माझ्याकडं न बघता आधी वाळूच्या पिशवीकडं बघितलं.

"ह्ये काय रं? बाजारात तोलायला काढलाय व्हय तुला?"

बोलताच येईना. मला! एवढंच म्हणालो, "आलीस."

"हिंडलग्याला आलते. भाऊ हाय न्हवं माझा तुरुंगात. आज भेट व्हती. मोटारीला येळ हाय अजून, म्हटलं तुला बघून जावं."

म्हणजे माझ्यासाठी आली नव्हती. पण मी ते बाजूला ठेवलं. साक्षीदार समोर होता, आणि मी खटला उभा केला. डॉक्टर काय म्हणाले, चुरा किती होता, उलट्या का झाल्या, जीभ का जड झाली, सगळं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"आरं द्येवा! लागली व्हय तुला?"

वखारीत नवी पोर कामाला बसली की पहिले काही दिवस तिला तंबाखू लागते. चक्कर येते, ओकते, घरी जाताना भिंत धरून चालते. जुन्या बायका हसतात आणि तिला चिंच चोखायला देतात. हे मला ठाऊक होतं. पत्रकात मी ते घातलंही होतं. आणि इतके दिवस डॉक्टरांची पुस्तकी भाषा घोकत बसलो, हा साधा शब्द माझ्या तोंडात आला नाही.

आक्का आधी हसली. खाटेचा दांडा धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली. मग पदरानं डोळे पुसले. "म्हंजे माझ्यामुळंच की. जास्त झाली व्हय रं? मला वाटलं रगात लई हाय तर चुराबी लई पायजे."

"रक्त तुझ्यामुळंच थांबलं, आक्का. डॉक्टर म्हणाले तसं."

"म्हनाले व्हय?"

"व्हय." डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. ते मी म्हणत होतो. "फक्त लोकांना सांग. मी प्यालेलो नव्हतो म्हणून सांग. त्यामुळंच कुणी येईना माझ्याकडं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ती वखारीत चुकीच्या ढिगात पडलेल्या पानाकडं बघायची.

"कशामुळं?"

"दारू प्यालो असं वाटलं म्हणून."

"आरं खुळ्या," ती म्हणाली. "पिला असशील तर पिला असशील. बाप्या मानूस हाय, एक डाव पडला. आमच्या घरात कोन पडत न्हाय? त्यापायी कोन यायचं थांबतंय? हंगाम हाय वखारीचा. सुट्टी कोन देतंय? बेळगावला यायचं म्हंजे दिस मोडतोय. तुझी आठवन काडत्यात की बाया. पडलाय बिचारा, म्हनत्यात."

एवढंच. बिचारा! मी तिथं महिनोन् महिने मालकांचा कट उलगडत होतो, आणि कटच नव्हता. कुणी माझ्यावर रागावलंही नव्हतं.

मग मी विचारलं, "आणि झडतीचं? सभा झाली का?"

"सभा न्हाय झाली. तू न्हवतास, पत्रकं न्हवती, कोन बोलनार? चार दिस तसंच गेलं. मग एकदा त्या मेल्यानं एका नव्या पोरीला लई हात घातला. तर आमी बसलो. वखार सुटली, दार उघडलं, आनि आमी बाहीरच पडलो न्हाय. दारातच फतकल मारून बसलो समद्या. घरात पोरं रडाय लागली, नवरं आलं बोंबलत, मालक आला. काय पायजे म्हनला. म्हटलं, बाईच्या अंगाला बाईचा हात. दुसऱ्या दिसापासनं बाई ठेवली त्येनं झडतीला. गोनपाटाचा आडोसा बी केलाय."

मला आनंद झाला का? झाला. खोटं बोलणार नाही. पण त्याच्या तळाशी दुसरंही काही होतं, ते नाव देण्यासारखं नव्हतं. माझ्या पत्रकाविना, माझ्या एका शब्दाविना!

"कोण बाई ठेवलीय?"

"मीच की."

"तू? मालकाचा पगार घेऊन आपल्याच बायकांच्या झडत्या घेतेस?"

"मग काय त्या मुडद्याचाच हात बरा व्हता?" आक्का उठली. "शेंगा खा. आनि दाढी कर, वळखू येईनास. मी सांगते बायांस्नी, लागली व्हती म्हनून."

आणि ती मोटारीला गेली.

पायाची वाळूची पिशवी सुटली, कुबड्या मिळाल्या, आणि पावसाच्या तोंडावर मी निपाणीला परतलो. खोली माझी होती, पण कुणीतरी मधल्या काळात तिथं कोळशाची पोती ठेवली होती. ती बाजूला सारून माझं बोचकं टाकलं आणि संध्याकाळी वखारीकडं गेलो. रस्त्याच्या पलीकडं, भिंतीला टेकून उभा राहिलो. डोक्यात माझं पत्रक तयार होतं. वाचून दाखवायलाही लागणार नव्हतं, तोंडपाठ होतं.

वखार सुटली. दारात गोणपाटाचा पडदा होता. एकेक बाई पडद्याआड जायची, आतून आक्काचा आवाज यायचा, "चल, पुडं," आणि बाई पदर झटकत बाहेर. कपाळावर, भुवयांवर, केसांवर ती तांबूस धूळ. मला बघून दोघी-तिघी थांबल्या.

"आलास व्हय? बरा झालास?"

"पत्रकवाल्याला लागली व्हती गं! आक्का सांगत व्हती. येवड्या येवड्या चुऱ्यानं!"

"एक आठवडा बस की आमच्यात. अंगवळनी पडंल."

हसल्या. मीही हसलो. म्हणजे त्यांना खरं कळलं होतं. आक्कानं शब्द पाळला होता, आणि त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. मी घसा साफ केला. "भगिनींनो," म्हणालो. पण त्या घरी जायच्या वाटेवर होत्या, चूल पेटवायची होती, आभाळ भरून आलं होतं. "बरं झालं, आलास ते," म्हणत त्या गेल्या. मागनं दुसऱ्या आल्या, त्यांनीही तेच विचारलं, तेच हसल्या, गेल्या. शेवटी आक्का बाहेर पडली, मला हात केला आणि लांब ढांगा टाकत त्यांच्यात मिसळली.

त्यांना माझं खरं वाटलं होतं. मला वाटलं होतं, त्याच्यानंतर काहीतरी होईल.

रस्ता मोकळा झाला. बायका दिसेनाशा झाल्यावर मी रस्ता ओलांडून वखारीच्या दारापर्यंत गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. आत अंधारात तंबाखूचे ढीग दिसत होते आणि त्यांचा वास येत होता. ज्याच्या हाताविरुद्ध मी ती सगळी पत्रकं छापून आणली होती, तो पहारेकरी आता नुसता दाराला होता. तो साखळी घेऊन आला, माझ्या कुबड्यांकडं बघितलं, आणि अगदी अदबीनं म्हणाला, "पुढारी, जरा बाजूला व्हा. दार लावायचंय."

मी बाजूला झालो.